मधूचा हात मी सोडला होता

माझ्या धाकट्या भावाचा मी आयुष्यभर हेवा केला. देवापुढे हे कबूल करून झालं आहे, माणसांपुढे करायचं राहिलं होतं, म्हणून लिहिते.

आम्ही मोहाडीचे. आमच्या घरात कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं, कापड विणायचे. सातवीत मी वर्गात पहिली आले आणि त्याच उन्हाळ्यात वडिलांनी शाळेतून माझं नाव काढून मला मागासाठी धाग्याच्या कांड्या भरायला बसवलं. मधू माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो शिकला, नागपूरला इतिहासाचा प्राध्यापक झाला, त्याची पुस्तकं निघाली. तो घरी आला की ओसरीवर माणसं जमायची. मी चहा घेऊन जाताना मुद्दाम पाय रेंगाळत ठेवायची, त्याच्या बोलण्यातलं काही कानावर पडावं म्हणून. एकदा धीर करून विचारलं, की ज्या लिपीतली अक्षरं आज कोणालाच येत नाहीत, ते दगडावरचे लेख वाचतात तरी कसे? तो हसून म्हणाला, "बाई, ते सांगायला दिवस पुरायचा नाही." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्यानंतर मी त्याला कधीच काही विचारलं नाही. दर सोमवारी महादेवाला मात्र विचारायची, की त्याला इतकं दिलंस, मग मलाच काहून नाही?

त्याची बायको गेली, मूलबाळ नव्हतं, आणि पाठोपाठ त्याची स्मृती जाऊ लागली. मीही एकटीच होते, म्हणून त्याला मोहाडीला घेऊन आले. आधी विद्यार्थ्यांची नावं गेली, मग सनावळ्या गेल्या. एक दिवस स्वतःचंच पुस्तक हातात धरून त्याने मला विचारलं, हे कोणाचं आहे? मी "तुझंच" म्हणाले, आणि खरं सांगते, आत कुठेतरी मला बरं वाटलं. आता आम्ही दोघं सारखे झालो, असं मनात आलं. त्याला मी वेळेवर भरवत होते, आंघोळ घालत होते, गावातले लोक माझं कौतुक करत होते, आणि माझ्या मनात हे चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी कार्तिकातल्या एका सोमवारी मी त्याला वैनगंगेच्या स्नानाला पवनीला नेलं. या गावावर त्याने एक अख्खं पुस्तक लिहिलं होतं. इथल्या जुन्या स्तूपाच्या विटा दाखवायला तो विद्यार्थ्यांना घेऊन यायचा, मला मात्र कधी आणलं नव्हतं. बसमधून उतरल्यावर त्याने विचारलं, "हे कोणतं गाव?" मी उत्तर दिलं नाही.

स्नान करून आम्ही घाटावरच्या देवळाशी आलो, तेवढ्यात चाळिशीचा एक गृहस्थ धावत आला आणि मधूच्या पायांवर डोकं ठेवून रडू लागला. तो त्याचा विद्यार्थी होता, स्वतःही आता कॉलेजात शिकवत होता. सरांनी मला डोळे दिले, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मधूला तो कोण हे कळतही नव्हतं, तरी तो माणूस त्याच्यासमोर हात जोडून उभा. मी शेजारी एका हातात ओल्या कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात मधूचा हात धरून उभी होते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, सरांचं नीट करता ना? पगार वेळेवर मिळतो ना?"

सगळं विसरला तरी मान त्याचाच, आणि मी त्याच्या घरची कामवाली. मी मधूचा हात सोडला. एकटीच देवळात गेले आणि पिंडीसमोर बसून राहिले. त्याला बाहेर उभं ठेवलंय हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी उठले नाही.

बाहेर आले तेव्हा तो विद्यार्थी निघून गेला होता आणि मधू नव्हता. धरणामुळे आता तिथे नदी तुडुंब असते, घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यातच असतात. मी हाका मारत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावले. कोणी पाहिलं नव्हतं, पण घाटावरचे लोकही शोधू लागले. शेवटी मी पायरीवर बसले. त्या वेळी तोंडून जे निघालं ते मी ठरवून मागितलेलं नव्हतं. म्हटलं, महादेवा, पुढच्या जन्मीही त्यालाच सारी विद्या दे, मी कांड्याच भरीन, पण त्याला परत दे. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी केलेली ती माझी पहिली प्रार्थना.

मग उठले आणि लोक शोधत होते त्याच्या उलट्या बाजूला चालू लागले. काहून, ते मला आजही सांगता येत नाही. घाट संपून काठाचा चिखल लागतो तिथे एक ढिवराची बाई मासोळ्या निवडत बसली होती, आणि तिच्यासमोर, गुडघ्यापर्यंत भिजलेला, माझा मधू. ती एकेक मासोळी उचलून नाव सांगत होती. मरळ. वाम. शिंगाळा. तो प्रत्येक नाव पुटपुटायचा, हसायचा आणि पुढच्या मासोळीकडे बोट दाखवायचा.

मला पाहून ती म्हणाली, "पाण्यात चालला होता, बाई. मी हात धरला, तं मासोळीकडे दाखवून म्हणे, हे काय आहे? सांगितलं, तं लेकरावानी खुश झाला. तवापासून विचारूनच राहिला." तिचा डोंगा, मासे धरायची लहानशी होडी, रोज पलीकडच्या काठाला लागायचा. त्या दिवशी धारेने इकडे आणला, एवढंच तिने सांगितलं. मी तिच्या पाया पडायला वाकले तशी तिने मला अडवलं. म्हणाली, "पाया कायले पडता? साऱ्या जिंदगीत मले कोणी काही विचारलं नोहोतं. आज यानं विचारलं."

मी त्या चिखलातच बसले. ज्ञान म्हणजे मधूच्या कपाटात भरलेलं काहीतरी, आणि ते माझ्या वाट्याचं त्याला मिळालं, असं मी साठ वर्षं धरून चालले होते. ते तर सारं गेलंच. एका माणसाच्या आयुष्यात ते मावतं तरी किती आणि टिकतं तरी किती! पण समोरची वस्तू काय आहे हे जाणून घ्यायचा त्याचा आनंद गेला नव्हता. आणि तो आनंद माझ्यापासून कोणी हिरावला नव्हता. एका हसण्याने दुखावून मीच विचारणं बंद केलं होतं.

मधू मागच्या पावसाळ्यात गेला. तोवर रोज दुपारी तो मला विचारायचा आणि मी सांगायची: कोसा कसा उकळतात, धागा कसा सुटतो, वडील कसे चिडायचे. तेच तेच दहादा. एकदा सगळं ऐकून तो म्हणाला, "तुम्हाले लय माहीत आहे. कुठं शिकल्या?"

हेवा पुरता गेला असं म्हणणार नाही. सगळं रिकामं होऊनही तो असा प्रसन्न राहिला, याचा हेवा अजून वाटतो; मला ते जमेल का, कोण जाणे. पण आता सोमवारी मी महादेवाला जाब विचारत नाही. त्याने जे दिलं ते सांगत राहावं, जे नाही ते विचारत राहावं, आणि न्यायची वेळ येईल तेव्हा मूठ उघडी ठेवावी, एवढी बुद्धी त्याने द्यावी. त्या दिवशी डोंगा इकडच्या काठाला लावलास, देवा. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ झालं.