घासूनपुसून आलेला डबा

ते बंद दार मला आजही आठवतं.

महामारीचं पहिलं वर्ष, पावसाळ्याचे दिवस. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले भागातल्या एका छोट्या शहरात मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आठवड्यापूर्वीच आमचा एक हवालदार त्या आजाराने गेला होता. माझ्या घरी बायकोला मधुमेह. बाहेरच्या नळावर आंघोळ केल्याशिवाय मी घरात पाऊल टाकत नसे. मी घाबरलेलो होतो, पण अंगावर वर्दी असताना ते सांगणार कुणाला?

एकट्या राहणाऱ्या वृद्धांना नगरपालिका रोज जेवणाचा डबा पोहोचवत असे. आशाताईंनी, म्हणजे वस्तीतल्या आरोग्यसेविकांनी, डबा पायरीवर ठेवायचा, कडी वाजवायची, मागे सरायचं आणि कालचा डबा उचलून यादीवर खूण करायची, अशी पद्धत होती. डबा परत आला म्हणजे माणूस ठीक, असं सगळेच धरून चालले होते. मीसुद्धा.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्या भागातल्या आशाताई ठाण्याच्या दाराशी आल्या.

"साहेब, एका आजींचा डबा चार दिस झालं रिकामा येतोय."

"जेवल्या असतील. रिकाम्या डब्याची तक्रार आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच," मी म्हणालो.

"आजी जैन हाईत. चातुर्मास चालू हाय, बटाटा शिवत न्हाईत त्या. बटाट्याच्या भाजीची वाटी तशीच परत यायची की! आता तीबी घासूनपुसून येतीया. आणि आजींचं तोंड न्हाय दिसलं."

मला हसू आलं होतं, ते तिथेच थिजलं.

एका शिपायाला घेऊन आजींच्या घरी गेलो. दाराला आतून कडी. हाका मारल्या, दार वाजवलं, उत्तर नाही. अंगभर झाकणाऱ्या पीपीई किटशिवाय आत शिरायचं नाही असा आदेश होता. मी किटसाठी फोन लावला आणि तोवर शेजारच्या गिरणीवाल्याला दहा पावलांवर उभा करून विचारपूस सुरू केली. गल्लीतली एकेक खिडकी बंद होत होती.

"डबा कोण उचलतं?"

"मला काय म्हाईत?"

असल्या माणसावर ओरडून उपयोग नसतो. मी गप्प राहून त्याच्याकडे बघत राहिलो. शेवटी तो मटकन खाली बसला.

"मीच वततो गटारीत. घासून ठेवतो. भरला डबा दिसला तर तुमी येणार, गल्ली सील करणार. सुनंचे दिवस भरल्यात, साहेब. दवाखान्याची गाडी कुठनं आत यायची?"

"आजींचा आवाज ऐकला होतास?"

"हाक मारत हुत्या. भिंतीपलीकडनं. नाव घिऊन." त्याने तोंड झाकलं. "काल दुपारपासनं थांबलं."

तरीही मी दाराला हात लावला नाही. पुन्हा फोन केला, "किट निघालं का?" असं तीनदा विचारलं. अर्धा तास तसाच गेला. शेवटी आशाताईंनीच पदर तोंडाला घट्ट बांधला.

"दार मोडा, साहेब. मी जाते."

शिपायाने खांद्याने धडका देऊन दार मोडलं. त्या आत गेल्या आणि मी उंबऱ्याबाहेर थांबलो. आतून ओरडणं ऐकू आलं, "हाईत! जित्त्या हाईत!"

गिरणीवाल्याच्या भिंतीलगतच्या मोरीत घसरून आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हाताशी असलेल्या घागरीतल्या पाण्यावर त्यांनी चार दिवस काढले होते. चाचणीत तो आजार निघालाच नाही.

त्या थोड्या सावरल्यावर मी दवाखान्यात जबाब घ्यायला गेलो. शेजाऱ्यावर गुन्हा नोंदवावा असं माझ्या मनात होतं. आजींनी मान हलवली.

"नगं. भ्याला त्यो. तुमी न्हाई व्हय भ्याला? किट आलं का म्हणून इचारत हुता, समदं आत ऐकू येत हुतं. हाक मारावी म्हटलं, तर घशातनं आवाज फुटंना."

मी खाली बघून लिहीत राहिलो. इतकी वर्षं मी लोकांची भीती ओळखून त्यांच्याकडून खरं काढलं, पण माझ्या स्वतःच्या भीतीला मी त्या दिवशी आदेश असं नाव दिलं होतं. शेजाऱ्याला दरडावताना हे मला एकदाही सुचलं नव्हतं. जबाबात मी 'तक्रार नाही' एवढंच लिहून सही घेतली. माझ्याबद्दलचं त्यांचं बोलणं मी गाळलं. ती नोंद आज इथे करतो.