गुनोराची भट्टी

थॉर्नव्हिकच्या गढीत सरदारकी द्यायची राजाने, आणि ती काढून घ्यायची धमकी द्यायची गुनोराने. तशी रीतच होती. गुनोरा मुदपाकखान्याची मुख्य स्वयंपाकीण. अंगाने जाड, जिभेने तिखट, आणि कुणी उपाशी राहिलं की अस्वस्थ होणारी. नवा सरदार देवळात शपथ घेऊन बाहेर पडला, की ती दारात सत्तूर घेऊन उभी राहायची. "शपथ मोडलीस तर तुझ्या टाचांचे काटे याच सत्तुराने तोडीन," असं तिने बजावायचं. घोड्याला टोचायचे ते सोनेरी काटे म्हणजेच सरदारकी. सगळे हसायचे आणि जेवायला बसायचे.

रेनफ्रेडच्या वेळीही हसले होते. "बाई, सत्तूर जरा लांब धरा," तो म्हणाला होता, "काट्यांआधी माझा अंगठा जायचा."

"अंगठ्याला काय करायचंय? सूपसुद्धा होणार नाही त्याचं," गुनोरा म्हणाली होती.

हिवाळ्याच्या तोंडाला उल्डा नदीच्या उतारावर लढाई झाली. गुनोराचा मुलगा विमार तिरंदाजांत होता. एका घोड्याखाली त्याचा पाय चिरडला आणि तिरंदाज त्याला तिथंच टाकून पळाले. रेनफ्रेडने सरदारांची रांग सोडली, विमारला खोगिरावर आडवं टाकलं आणि घोडा मागे वळवला. विमारचा पाय गेला, जीव राहिला. पण शत्रूकडे पाठ करणारा रेनफ्रेड सगळ्यांनी पाहिला होता.

सभेत न्याय करायला आल्ब्रेक बसले. शपथेचे रखवालदार तेच. पांढरी दाढी, मऊ आवाज. गढीतल्या प्रत्येक नोकराचं नाव त्यांना पाठ.

"रणात पाठ फिरवायची नाही, ही शपथ," ते म्हणाले.

"दुबळ्याला सोडायचं नाही, हीसुद्धा शपथच आहे, काका," रेनफ्रेड म्हणाला.

"दुबळे म्हणजे बायका, मुलं, धर्मगुरू. तिरंदाज पगारी असतो, बाळ. तो दुबळ्यांत मोडत नाही."

गुनोराला बोलावणं आलं. सत्तूर घेऊन ये, असा निरोप होता. ती मोकळ्या हातांनी गेली.

"माझ्याच्यानं नाही होणार, सरकार. माझं पोर त्यानं आणून दिलंय."

आल्ब्रेकनी तिला जवळ बसवलं. "गुनोरा, तुझं मन मला कळतं. पण काटे पायात राहिले, तर तो सरदार राहतो. आणि पळालेल्या सरदाराची मान उडवावी लागते. काटे तुटले, तर तो निदान चालत जाईल."

तेवढ्या एका शब्दावर ती उठली आणि सत्तूर घेऊन आली. चौकात, ओंडक्यावर, तिने रेनफ्रेडच्या टाचांचे काटे तोडले. कातड्याला ओरखडासुद्धा उमटला नाही. मग रीतीप्रमाणे त्याच्यावर काळं कापड घातलं आणि धर्मगुरूंनी मयताची प्रार्थना म्हटली. यापुढे तो मेलेला. त्याला नावाने हाक मारायची नाही, छप्पर द्यायचं नाही, घास द्यायचा नाही. देईल त्याचा हात मनगटापासून तोडायचा.

खिंड ओलांडली की पलीकडचा मुलूख, तिथं ही शपथ कुणी मानत नाही. तो तिकडेच जाईल, असं गुनोराने धरलं होतं. पण त्याच दिवशी बर्फ सुरू झालं आणि खिंड बुजली.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमार कुबडी टेकत आत आला. "आई, ते मागे बसलेत. आपल्या भट्टीच्या भिंतीला टेकून."

पावाची भट्टी गढीच्या बाहेरच्या भिंतीत होती. तिची पाठ मागच्या मैदानात उघडी. विमारने परातीतला पाव उचलला. गुनोराने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"पाय गेला, आता हातही द्यायचाय?"

"माझा हात आहे. मी देईन."

"गप बस!" तिने दाराला कडी घातली. मग भट्टीत सरपण कोंबलं. आणखी कोंबलं. पाव केव्हाच भाजून झाले होते. जाळ भट्टीच्या तोंडाबाहेर यायला लागला.

भिंतीपलीकडून आवाज आला, अगदी हळू. "बाई, बरं वाटतंय."

मेलेल्याशी बोलायचं नसतं. तिने अजून एक ओंडका घातला.

धूर पाहून आल्ब्रेक स्वतः आले. एकटेच, न रागावता. "कशाची भट्टी गं ही, गुनोरा?"

"पावाची, सरकार."

त्यांनी भाजलेल्या पावांकडे पाहिलं, मग भिंतीवर तळवा ठेवला. "भिंत तापवणं म्हणजे छप्पर देणंच की. दुसरा कुणी बघेल तर हात मागेल. तुझा, नाहीतर पोराचा. मी काही पाहिलं नाही. फक्त विझव."

"रात्रीत गोठेल तो, सरकार."

"तो कालच मेलाय. तूच तर काटे तोडलेस."

विमार कोपऱ्यातून ओरडला, "आई, नको!" ती त्याच्या दोन्ही हातांकडे बघत राहिली. मग बादली उचलून तिने जाळावर पाणी ओतलं. दुसरी ओतली. वाफेने खोली भरली. भिंतीपलीकडे बर्फावर पावलं वाजली, आणि थोड्या वेळाने तीही ऐकू येईनात.

रात्रीच्या जेवणात सरदारांना थंड पाव मिळाला. आल्ब्रेकनी तिला बोलावून घेतलं.

"पाव गार कसे गं?"

"भट्टी विझवली होती, सरकार."

"हो, पण परत पेटवायला कुणी अडवलं होतं?" ते मायेने म्हणाले. "तो तर केव्हाचा उठून गेला."

गुनोरा खाली आली. विमारने तिच्याकडे पाठ केली होती. तिने ओली राख काढली, कोरडं सरपण रचलं आणि भट्टी पेटवली.