गालिनाबाईंचा पाव

त्या दिवशी घरात मी, माझा मुलगा विलास, त्यानं पसंत केलेली कात्या आणि शेजारच्या, मूळच्या रशियन गालिनाबाई. दाराबाहेर कात्याची आई नीना, रशियातून पहिल्यांदाच आलेली. मला सांगायचंय ते गालिनाबाईंचं.

इंग्लंडात कॉव्हेंट्रीत विलासची नोकरी; तिथं आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. दर शनिवारी कम्युनिटी सेंटरमध्ये त्या गोऱ्या लोकांना रशियन शिकवायच्या. कुणाची सून रशियन, कुणाला तिकडं नोकरी. पण भाषा राहायची बाजूला. "पहिला धडा, बूट काढा!" म्हणायच्या. साहेबलोक फाटके मोजे लपवत बसायचे. विलास कात्यासाठी शिकायचा; मी चौथी शिकलेली, त्याच्याबरोबर नुसती बसायला जायची. फुलं द्यायची ती एक, तीन, पाच. दोन फक्त मेलेल्याला. उंबऱ्यावरून काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. मी म्हटलं, "अहो, हे तर आमचंच!" आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून एकमेकींचं बरोबर कळायचं.

कुठं निघालं की त्या आधी खाली बसायच्या. गप्प. मग उठायच्या. "अहो, बस जाईल," म्हटलं तर म्हणायच्या, "घाई आहे? मग तर बसच."

नीना येणार म्हणून त्यांनी गोल पाव भाजला, मधे मिठाची वाटी ठेवली. पाहुणा आला की घरातल्या बाईनं हा पाव घेऊन दारात उभं राहायचं, ही त्यांची रीत. माझ्याकडून दोनदा करून घेतलं. मी केलंही. पण खरी बेल वाजली, आणि मी पाव टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात गेले.

विलास तान्हा असताना त्याचे वडील गेले. दुसऱ्यांच्या शेतात खुरपून मी त्याला वाढवला. त्याचं कधी काही वाटलं नाही, काम ते काम. पण तेव्हापासून कुणाच्या शुभकार्यात मी पुढं झाले नाही. कुणाला सांगावं लागलं नाही, सवयच पडली.

बाहेर बोलणं थांबलं. नीना आत येईना. कात्या रडवेली होऊन विलासला म्हणाली, "आई विचारतेय, तुझी आई कुठंय? आम्ही नको आहोत का तिला?"

गालिनाबाई आत आल्या. "शांता, पाय मोडले का?"

"मी विधवा आहे," मी म्हटलं. "पहिल्या पावलाला मी समोर नको. पोरांचं वाईट व्हायला नको."

त्यांनी कमरेवर हात ठेवले. "आणि मी कोण? ती बाहेर थंडीत उभी आहे ती कोण? तीन विधवा इथं, आणि दार उघडं पडलंय! उचल पाव."

मी उचलला. दारापाशी जाऊन पुढं करणार, तर मागून गालिनाबाईंचा आवाज, "उंबऱ्यावरून नाही!"

"माहीत आहे हो मला!" मी ओरडले, तशी कात्या हसली. नीना आत आली. तुकडा मोडला, मिठात बुडवून खाल्ला, आणि मला पावासकट मिठीत घेतलं. मग ती आणि गालिनाबाई रशियनमध्ये काहीतरी बोलल्या.

"काय म्हणते?" मी गालिनाबाईंना विचारलं.

"म्हणते, पाव छान झालाय. मी सांगितलं, माझा आहे. तर म्हणते, तू गप्प बस."

छातीवरचा धोंडा उतरला. पोरांच्या लग्नात मी पुढं उभी होते, अक्षता टाकल्या. आज नातही आहे, आणि पोरांचं काही वाईट झालं नाही.

पुढं गालिनाबाई मुलीकडं स्कॉटलंडला राहायला गेल्या. टॅक्सी दारात, आणि त्या बॅगेवर बसल्या. मी पायरीवर बसले. उठल्या तेव्हा मी म्हटलं, "जाते म्हणू नका, येते म्हणा."

"येते," त्या म्हणाल्या. मराठीत.

वाचणाऱ्याला एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कार्य असेल, पाहुणे दारात असतील, तर आत कोण थांबलंय ते आधी बघा. तिला हाक मारा आणि ताट तिच्या हातात द्या.