पुसलेलं पान

तासगावच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा आण्णांनी माझी बॅग वर टाकली, रुमालाने सीट झाडली आणि मग म्हणाले, “चार वर्सं पानं वळकाय शिकलास, आन आता काँप्युटर शिकणार व्हय?” माझी बीएस्सी ॲग्रीची पदवी जेमतेम महिन्याची होती. नोकऱ्या तिकडंच आहेत, असं मी म्हटलं. “बरं,” म्हणाले, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिले.

आण्णा, माझे वडील, फौजेतून आलेले. झाडणं-पुसणं त्यांच्या अंगात मुरलेलं. पेन्शनीनंतर त्यांनी दोन एकर द्राक्षबाग लावली. मी सुट्टीला आलो की माणसं रुमालात पानं गुंडाळून आमच्या ओसरीवर यायची. मी पान उलटं करून बघायचो, औषध सांगायचो. आण्णा आत चहा सांगायला जायचे ते छाती काढूनच.

पुण्यात एमसीएच्या वर्गात पोरं माझ्यापुढं फडाफड कोड लिहायची. पहिल्या सेमिस्टरला माझे दोन विषय राहिले. मग मी शेती शिकलोय हे सांगणंच बंद केलं. आता बंगळुरात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. स्प्रिंट, स्टँडअप, डेडलाईन. त्या लाजेची आज लाज वाटते.

गेल्या वर्षी बाग फुलोऱ्यात असताना पाऊस लागून राहिला. आण्णांना डावण्या रोगाची शंका आली. त्यांनी व्हॉट्सॲपवर पानाचे दोन फोटो पाठवले, वरचा आणि खालचा. वर पिवळसर डाग, खाली काहीच नाही. मी मीटिंगमध्ये होतो. टेबलाखाली फोन धरून लिहिलं, ‘डावण्या नाही. असता तर खाली पांढरी बुरशी दिसली असती. मॅग्नेशियम कमी पडलंय, ते फवारा.’ एवढं अजून आठवतंय म्हणून स्वतःवरच खूश झालो. माझं वाचून आण्णांनी डावण्याचं औषध बाजूला ठेवलं.

पाचव्या दिवशी आईचा फोन आला. “घड काळं पडल्यात रं.”

मी पोचलो तेव्हा बाग गेली होती. एक पान तोडून उलटं केलं. खाली पिठासारखी पांढरी बुरशी.

“आण्णा, फोटोत हे नव्हतं.”

“जुन्या औषधाचा डाग वाटला. फडक्यानं पुसलं,” ते म्हणाले. “तुज्या हापिसात कुणी फोटू बघितला तर घाण दिसाय नगं म्हून.”

पान पुसलंय का, एवढं मी विचारायला हवं होतं. बागेत उभा असतो तर विचारावंही लागलं नसतं. ते काळे घड खुडायला लागले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

बाग काढली, तिथं ऊस लावला. यंदा दिवाळीत ओसरीवर बसलो होतो, तर शेजारचे तात्या रुमालात पान घेऊन आले. माझा हात आपोआप पुढं गेला.

“त्याला नगं दावू, तात्या,” आण्णा हळूच म्हणाले. “त्यो आता काँप्युटरचा हाय.”

रागाने नाही. मला सांभाळून घ्यायला. तात्यांनी रुमाल पुन्हा बांधला.

माझ्यासारखे गाव सोडून आलेले विचारतात, परत जावंसं वाटत नाही का? वाटतं. घर आहे, माझी खोली आहे, आई-आण्णा आहेत. पण तिथं मला आता कुणी काही विचारत नाही. चहा घेणार का, एवढंच आण्णा विचारतात, पाहुण्याला विचारतात तसं.