नेव्हिलने बांधलेलं इंजिन

माझा धाकटा भाऊ नेव्हिल ट्रँटर याने जन्मात लग्न केलं नाही, बेडवर्थ गाव सोडलं नाही आणि कोणाशी धड भांडणही केलं नाही. पहिल्या दोन गोष्टींचा नाद मी केव्हाच सोडला. तिसरीचा मात्र अजून राग येतो.

शाळा सुटल्याबरोबर तो कॉव्हेंट्रीच्या एका इंजिन कारखान्यात लागला. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरीचे लोक पबमध्ये बसून सरकारला शिव्या देत होते. हा बसडेपोत गेला आणि बसगाड्यांची इंजिनं उघडायला लागला. निवृत्त झाल्यावर जुन्या स्पोर्ट्‌स गाड्या बाळगणाऱ्यांच्या क्लबात शिरला. क्लबात सगळे पेन्शनवाले. गाडीत बसताना यांना दोघांनी धरावं लागतं, पण टप उघडून हिंडायची हौस काही फिटत नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांची इंजिनं नेव्हिलने बांधलेली. मोबदला काय, तर व्हिस्कीची एक बाटली. तीही तो पीत नाही, माझ्याकडे आणून देतो. मी पिते.

रॉडनी पार्जिटर हा त्याचा जिवाभावाचा मित्र. गॅसचे मीटर वाचण्यात त्याची उभी हयात गेली. हिरवी, लांब नाकाची, दोनच माणसांची गाडी हा त्याचा प्राण. गाडीचं वय साठाच्या घरात. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन नेव्हिलने मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात पार सुटं करून पुन्हा बांधलं होतं. गाडी तेल गाळायची, पण त्या क्लबात सगळ्यांच्याच गळतात. कोणाच्या दारात काळा ठिपका दिसला की म्हणतात, पाहुणे आपलं कार्ड ठेवून गेले.

मे महिन्यातल्या एका रविवारी क्लबाची सहल निघाली. पुढे रॉडनी आणि त्याची बायको ग्लेनिस, मागे नेव्हिलच्या साध्या गाडीत आम्ही दोघं. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांचा लांब चढ लागला. आमच्या काचा बंद होत्या, मी सँडविचचं पुडकं सोडत होते, आणि नेव्हिल एकदम म्हणाला, "बंद कर. अरे, बंद कर, बंद कर!"

"काय बंद करू? काच?"

"तू नाही गं! तो!"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग आलं. लोखंडी बादलीवर कोणी हातोडी मारावी तसं ठण ठण, आणि रॉडनीच्या मागून निळा धूर. जागा मिळेपर्यंत तो तसाच चढत राहिला आणि मग थांबला.

"काटा खाली पडला होता," खाली उतरत रॉडनी म्हणाला. तेलाचा दाब दाखवणारा काटा. "मला वाटलं, काटाच बिघडला."

"हं," नेव्हिल म्हणाला. त्याने तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल भरपूर होतं. पट्टी पुसून जागेवर ठेवली. "बघू नंतर. छान हवा आहे आज."

"हो, छान आहे हवा," रॉडनी म्हणाला.

मी देवाची शपथ घेऊन सांगते, असंच बोलले ते.

गाडी न्यायला जो ट्रकवाला आला तो चाळिशीचा, तोंडाळ. साखळी लावता लावता त्याने विचारलं, "इंजिन बांधलंय कोणी हे?"

"मी," नेव्हिल म्हणाला.

"चष्मा बदला आजोबा," तो हसून म्हणाला. त्याला काय ठाऊक, नेव्हिलच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्याच वर्षी झाली होती.

 परतीच्या वाटेवर नेव्हिल रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "एव्ह्रिल, बाबांची ती किल्ली आठवते?"

आठवत होती. आमचे वडील कारखान्यातली अवजारं घडवणारे कारागीर. म्हातारपणी त्यांची बुद्धी हळूहळू विझत गेली. सुरुवात झाली ती एका किल्लीपासून. अवजारांच्या खणाची किल्ली कानशीने घासून घासून त्यांनी तिचे दात सपाट केले आणि आम्हाला दाखवून म्हणाले, आता कशी बरोबर बसेल बघा. आपण काय केलं ते त्यांना संध्याकाळी आठवत नव्हतं.

"तू मागे एकदा शनिवारीच रविवारचं जेवायला आलास, म्हणून तुझंही बाबांसारखं होतंय असं नाही," मी म्हटलं.

"ते निराळं. इंजिनात मी कधी चुकलो नाही. आता चुकलो असेन, आणि कुठे चुकलो तेही आठवत नसेल, तर ते सुरू झालंय असं समजायचं. मग मी पान्याला हात लावणार नाही. लोक माझ्या भरवशावर बायकांना शेजारी बसवून डोंगर उतरतात."

मी रसायनशास्त्र शिकवलंय, मला कोरडा दिलासा देता येत नाही. मी म्हटलं, "मग उघडून बघ."

"बघू."

पण त्याने उघडलं नाही. गाडी त्याच्या गॅरेजमध्ये चादरीखाली पडून राहिली. इंजिन मालकासमोर उघडायचं हा त्याचा जुना शिरस्ता, आणि मालक तर दर गुरुवारी येतच होता. यायचा, चहा प्यायचा, टोमॅटोच्या रोपांवर बोलायचा आणि जायचा. चादरीकडे दोघंही बघायचे नाहीत. घरात मढं झाकून ठेवावं आणि शेजारी बसून पत्ते खेळावेत, तसं.

"तू त्याला विचारलंस का?" मी नेव्हिलला खडसावलं. "मधल्या काळात त्याने काही केलं होतं का गाडीला?"

"असं कसं विचारणार? आरोप केल्यासारखं होईल."

"मग आरोप कर!"

"एव्ह्रिल, दुसऱ्याने बांधलेल्या इंजिनाला न विचारता कोणी हात लावत नाही. निदान आपल्या क्लबात तरी नाही. आणि रॉडनी तर नाहीच नाही."

माझा संयम संपला. मी ग्लेनिसला फोन केला. म्हटलं, शनिवारी सकाळी नवऱ्याला घेऊन ये, आज उघडू उद्या उघडू पुरे झालं. ग्लेनिस म्हणाली, "बरं झालं बाई. आमचा हा रात्रभर कूस बदलत असतो. विचारलं तर म्हणतो, उशी वाईट आहे. तीन उश्या बदलल्या मी."

शनिवारी दोघं आली. ग्लेनिसने वर पिठाचं भाजकं कवच असलेली, डुकराच्या मांसाची मोठी पाई आणली होती, जणू कोणाचा वाढदिवस आहे. नेव्हिलने जुना पलंगपोस टेबलावर पसरला. सुटा केलेला भाग काढला त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे त्याच्यावर मांडायचा, ही त्याची पद्धत. गाडी लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलेली होती. तो पाठीवर झोपून खाली सरकला, रॉडनी दिवा धरून वाकला, मी स्टुलावर बसले, ग्लेनिस पाई घेऊन कोपऱ्यात.

आधी तेल सोडलं. काळ्या तेलात तांबूस चमकी होती, मुली गालाला लावतात तशी.

"बेअरिंगं गेली," खालून आवाज आला. शांत.

मग इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं चेंबर. चारी बाजूंचे बोल्ट निघाले, पण चेंबर सुटेना. नेव्हिलने चामड्याच्या हातोडीने ठोकलं. पुन्हा ठोकलं. पातळ पातं घालून कडेने फिरवलं.

"चिकटलंय," तो म्हणाला. "मी तर नुसतं कागदी पॅकिंग लावतो."

 शेवटी चेंबर सुटलं. तो ते घेऊन बाहेर सरकला आणि त्याने ते उजेडात धरलं. कडेला सगळीकडून पांढरं रबर होतं. बोटभर जाडीचं, आत लोंबलेलं, केकवर क्रीम पिळावं तसं. काही ठिकाणी त्याचे लचके तुटून गेले होते.

सिलिकॉन होतं, एवढं मला बसल्या जागेवरून कळलं. कोणी लावलं ते कळत नव्हतं.

नेव्हिल त्या कडेकडे बघत राहिला. अंगठ्याने त्याने ते रबर दाबून पाहिलं. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाला, "मी लावलं का गं हे? मला आठवत नाही."

मी उठून ते चेंबर त्याच्या हातातून घेतलं. 

तो पुन्हा खाली गेला. "बिगेंडच्या बोल्टांवर पिवळे ठिपके आहेत," तो सांगू लागला. पिस्टनचे दांडे जिथे धरलेले असतात तिथला बोल्ट पुरता आवळला की तो त्यावर रंगाचा एक ठिपका देतो. "सगळे जागच्या जागी. हे मीच केलंय, हे आठवतंय. एकच बेअरिंग गेलं असतं तर म्हटलं असतं, बसवताना हात चुकला. पण बघ, सगळीच घासलीत. म्हणजे तेलच पोचलं नाही. चेंबर भरलेलं, आणि वर थेंब नाही." मग थोडा वेळ नुसती खुडबूड. "गाळणी सोडतो."

पंप जिथून तेल ओढतो त्या नळीच्या तोंडाची ती जाळी. ती त्याने बाहेर आणली आणि पलंगपोसावर रांगेच्या शेवटी ठेवली. जाळीवर पांढऱ्या लचक्यांचा थर घट्ट बसला होता. तव्यावर अंड्याचा पांढरा भाग थापावा तसा.

"झालं," नेव्हिल म्हणाला. "गरम तेलात हे सुटलं, जाळीवर बसलं, चढावर इंजिनाने जास्त तेल मागितलं आणि घसा दाबला गेला. सरळ आहे." तो उपड्या खोक्यावर बसला. हात पुसायला घेतलेलं फडकं त्याने नुसतं मांडीवर ठेवलं. "बापानेच पोराचा घसा दाबला. आणि मला आठवतही नाही. रॉडनी, मला माफ कर. खर्च सगळा मी करीन. मात्र बांधून दुसऱ्याकडून घे. मी आता नाही."

रॉडनी दिवा या हातातून त्या हातात घेत होता, त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर हलत होत्या. तो मुकाट राहिला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. चाळीस वर्षांची मैत्री तशीच राहिली असती, गुरुवारचा चहासुद्धा. माझा भाऊ मात्र मनातून संपला असता. रॉडनीला बाबांची किल्ली ठाऊक नव्हती. त्याला दिसत होता तो फक्त खोक्यावर बसलेला नेव्हिल.

"ते बाथरूमचं आहे," रॉडनी म्हणाला.

"काय?"

"टबाच्या कडेला लावतात ना, ते. आमच्याकडे उरलं होतं. एप्रिलमध्ये मी... ग्लेनिसने दारात फिकट फरशी घातली ना नवी. रोज सकाळी तेलाचे डाग. ती गाडीखाली भाजायचा ट्रे ठेवायला लागली. तू मार्चमध्ये लेस्टरला एव्ह्रिलकडे होतास, नंतर तुझे डोळे. म्हटलं, एवढ्यासाठी तुला कशाला त्रास. चेंबर मीच काढलं. सिलिकॉनची पूर्ण नळी वापरली. बाहेर आलेलं पात्याने साफ केलं, दिसू नये म्हणून."

"ती नळी!" ग्लेनिस पाई कापता कापता सुरी धरून उभी राहिली. "मी सगळं घर पालथं घातलं त्या नळीसाठी! तू म्हणालास, प्लंबर घेऊन गेला!"

"तुला सांगितलं असतं तर तू सगळीकडे सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं! आणि इतके दिवस ह्या माणसासमोर बसून टोमॅटो चिवडत होतास?"

"मला कुठे ठाऊक होतं, त्यानेच झालंय म्हणून! मला वाटलं, कदाचित त्यानेच झालं असेल. मग वाटलं, कदाचित नसेल. आणि सांगितलं असतं तर नेव्हिलला वाटलं असतं, त्याचं पॅकिंग मला पसंत नव्हतं." तो नेव्हिलकडे वळला. "खरंच नव्हतं तसं काही. पॅकिंग छान होतं."

नेव्हिल उठला. मला वाटलं, आता हा म्हणणार, हवा छान आहे.

"गाढवा," तो म्हणाला.

रॉडनीने मान हलवली.

"मूर्ख, बिनडोक गाढवा! टबाचं सिलिकॉन? इंजिनाला? अंघोळ घालणार होतास का तिला? मी इथे रात्र रात्र छताकडे बघत पडलोय, आपलं डोकं गेलं म्हणून! कुठला बोल्ट विसरलो, बेअरिंगची कुठली वाटी उलटी घातली, पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात बांधत होतो ते इंजिन! रोज! आणि तू दर गुरुवारी येऊन माझी बिस्किटं खात होतास!" त्याचा आवाज फाटला. सगळं आयुष्य मी त्याला असं ओरडताना ऐकलं नव्हतं. गल्लीतला कुत्रा भुंकायला लागला.

"आईशपथ चुकलो," रॉडनी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा मात्र दात उपटून घेतलेल्या माणसासारखा हलका झाला होता.

"चुकलास ना? मग दिवा नीट धर. ओणवा हो. क्रँकचा दांडा मोजायचाय, बघू घासून चालतो का."

"पण बांधणार कोण?" रॉडनीने चाचरत विचारलं.

नेव्हिलचं अर्धं अंग एव्हाना गाडीखाली गेलं होतं. "कोण म्हणजे? मीच बांधणार. आणि ती गळणार. ग्लेनिस, ऐकतेस ना? थेंब थेंब गळणार, तुझ्या फिकट फरशीवर."

"गळू दे बाबा," ग्लेनिस म्हणाली. "ट्रे आहे माझ्याकडे."

पाईचा मोठा तुकडा तिने माझ्या हातात दिला. खालून नेव्हिल आकडे ओरडून सांगत होता, रॉडनी ते मोठ्याने म्हणत होता, आणि एक आकडा चुकल्यावर नेव्हिलने त्याला पुन्हा गाढव म्हटलं.