दुर्बिणीची खोळ

आपण केलेली पूजाच आपल्या माणसाच्या जिवावर उठली, तर देवीपुढे पुन्हा हात कोणत्या तोंडाने जोडायचे? एका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला हा प्रश्न पडला होता. तासभर तरी त्याचं माझं उत्तर ‘नाहीच जोडायचे’ असं होतं. ही हकिकत लिहायला मी इतकी वर्षं लावली, कारण तिच्यात आधी माझा गाढवपणा येतो आणि देवीची कृपा मागून. पण आता वय झालं. लाज धरून तरी काय करायचं आहे?

ऐंशी सालानंतरचा काळ. कर्जतला एका ट्रस्टचा वीस खाटांचा दवाखाना होता, त्याच्या ऑपरेशन थिएटरात मी सिस्टर होते. कौलारू इमारत, मागे आंबा, आणि घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून लावायच्या इंजिनांच्या शिट्ट्या दिवसभर कानावर. त्या शिट्ट्यांवर आम्ही घड्याळं लावायचो. तेव्हा रबरी हातमोजे फेकत नसत. धुवायचे, दोरीवर वाळवायचे, पावडर लावून पुन्हा वापरायचे. हे काम माझं, आणि माझ्या हाताखाली कुणी मोज्याला पावडर कमी लावली तर मी आकाशपाताळ एक करायची. सगळे मला मागून ‘फौजदार’ म्हणत, मला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. दर बुधवारी पुण्याहून सकाळच्या गाडीने सर्जन डॉक्टर यायचे. एका विश्वस्तांनी दवाखान्याला पोटात घालून बघायची दुर्बीण दिली होती. काळी, लांब, वाकणारी नळी, टोकाला बारीक काच आणि दिवा. तिची धुलाई मी स्वतः करायची.

त्याच दुर्बिणीपायी खालापूरचे एक मिस्त्री काका आमच्याकडे आले होते. खोपोलीच्या कारखान्यात रबराच्या कामावर जन्म गेलेला माणूस. वर्षापूर्वी त्यांची बायको रक्ताच्या उलट्या होऊन आमच्याच दवाखान्यात वारली. डॉक्टरांनी दुर्बीण घातली, पण पोटात इतकं रक्त साठलेलं की काचेवर सगळं लालच लाल. डॉक्टरांनी बाहेर येऊन त्यांना सांगितलं होतं, ‘मला काही दिसलंच नाही हो.’ ते वाक्य त्या माणसाने घरी नेलं आणि त्यावर वर्षभर काम केलं. पातळ रबराची एक खोळ बनवली. दुर्बिणीवर मोज्यासारखी चढवायची. तिच्या अंगात दोन नळ्या, घशातून जाताना चपट्या मिटून राहणाऱ्या. पोटात पोचलं की एकीतून पिचकारीने पाणी सोडायचं, म्हणजे काच धुतली जाते. दुसरीत बारीक तारेची स्प्रिंग सरकवायची, की ती फुलून उभी राहते आणि तिच्यातून रक्त ओढून घेता येतं. डॉक्टरांनी ती हातात घेऊन पाहिली, कौतुकाने हसले आणि म्हणाले की दुर्बिणीला स्वतःची ओढायची सोय आहे, हे कशाला लागेल. काका गेल्यावर मला म्हणाले, सिस्टर, टाकून द्या.

मी टाकणारच होते. पण जाताना काकांनी दारात माझ्यापुढे हात जोडले होते. ‘बाय, रबर हाय ते. दर आठवड्याला धुवून पावडर लावशील ना गं? नायतर चिकटंल.’ आता माझ्या बापाच्या वयाच्या माणसाने हात जोडल्यावर काय बोलणार? मी हो म्हटलं आणि अडकले. मग दर बुधवारी दुर्बीण धुतली की ती खोळही धुवायची, उकळायची, पावडर लावून कपाटाच्या खालच्या खणात ठेवायची. भक्तीने नाही हं. बडबडत, वैतागत. पण शब्द दिला होता, म्हणून एकही बुधवार चुकवला नाही.

आता माझ्या गाढवपणाकडे येते. खंडेनवमीला आमच्या थिएटरात हत्यारांची पूजा असायची. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर सुऱ्या, कात्र्या, चिमटे ओळीने मांडायचे, झेंडूची माळ, मधोमध देवीचा फोटो. माझ्या माहेरी शेतावर विळ्याकोयत्यांची पूजा होते तशीच ही. त्या वर्षी मला वाटलं, सगळ्यांत मोठं हत्यार तर दुर्बीण, ती कपाटात का राहावी? तीही मांडली. ओलं हळदकुंकू बोटावर घेतलं आणि भक्तिभावाने नेमकं टोकाला लावलं, वर अक्षता दाबल्या. टोकालाच काच, टोकालाच पाण्याचं आणि रक्त ओढायचं भोक. त्याच दुर्बिणीला कुणी हात न धुता शिवलं तर मी ओरडायची, आणि देवीपुढे बसल्यावर माझी अक्कल कुठे गेली कोण जाणे! दसऱ्याला संध्याकाळी वरवर स्पिरिटने पुसली आणि टांगून ठेवली.

दुसऱ्या दिवशी बुधवार. दहाच्या सुमारास कडावहून, माझ्या माहेरच्या गावाहून, टेंपो आला आणि त्यातून माझ्या दादाला उतरवलं. माझे आईवडील मी लहान असताना गेले. हा सख्खा भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. भाताच्या शेतीवर त्याने मला वाढवलं, नर्सिंगला धाडलं, गावाने नावं ठेवली तर म्हणाला, ‘माजी बहीण हाय, मी बघीन.’ दरवर्षी नवा तांदूळ झाला की गोणी खांद्यावर घेऊन मला पोचवायला यायचा. तो माणूस कागदासारखा पांढरा पडलेला, सदरा रक्ताने भिजलेला. आल्याआल्या पुन्हा रक्ताची उलटी झाली.

डॉक्टर नुकतेच गाडीतून उतरून आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं. जठराजवळचा अल्सर फुटला असेल तर इथेच पोट उघडून टाके घालता येतील. पण दादा कधीमधी घ्यायचा, लिव्हर खराब होऊन अन्ननलिकेतल्या शिरा फुटल्या असतील तर पोट उघडलं की संपलंच. दुर्बिणीतून बघितल्याशिवाय सुरी लावता येणार नाही, आणि मुंबईला पोचेपर्यंत तो टिकणार नाही. एरवी दुर्बीण वापरायच्या आधी मी ती वाटीभर पाण्यात बुडवून पाणी ओढते की नाही ते बघायची. त्या दिवशी मी दादाच्या उशाशी धावले, ते राहून गेलं.

दुर्बीण आत गेली. डॉक्टरांनी ओढायचं बटण दाबलं. काही नाही. पाणी सोडायचं दाबलं, तेही नाही. ‘सगळं लाल आहे,’ ते म्हणाले, आणि दुर्बीण बाहेर काढली. टोकाच्या भोकात पिवळं काहीतरी घट्ट बसलेलं. तार घालून ढकलायला गेले तर ते आणखी आत रुतलं. माझ्या लक्षात आलं. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, यंत्र आहे, बिघडतं. पण दादाचा हात माझ्या हातात होता, मग मी खोटं कुठून बोलू? म्हटलं, ‘डॉक्टर, माझ्याच पूजेच्या अक्षता आहेत त्या.’ त्यांनी हातातली तार खाली ठेवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पूजेच्या टेबलावरच्या फोटोला अजून झेंडूची माळ होती. मी देवीकडे बघितलं आणि मनात म्हटलं, घेतलीस ना माझी पूजा? आता हात जोडणार नाही, मागणारही नाही, मागायला तोंडच ठेवलं नाहीस. तुझं तू बघ. आजवर मी देवीला कधी असं बोलले नव्हते. नवस केले, उपास केले, आणि प्रत्येक वेळी काय हवं ते नीट समजावून सांगितलं, जसं काही तिला माझ्यावाचून कळणारच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. आणि तेवढ्यात, बुधवार म्हणून म्हणा, सवयीने म्हणा, माझे पाय कपाटाकडे गेले आणि हात खालच्या खणात.

खोळ तशीच मऊ होती. पावडरीचा वास येत होता. डॉक्टरांनी ती माझ्या हातून घेतली, दुर्बिणीवर चढवली आणि घशातून आत सोडली. मी स्प्रिंग सरकवली, त्या नळीला रक्त ओढायचा पंप जोडला आणि पायाने दाबायला लागले. आधी काही नाही, मग नळीतून काळसर रक्त काचेच्या बाटलीत यायला लागलं. डॉक्टरांनी पिचकारीने पाणी सोडलं. मी पंप दाबत होते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘दिसतंय. अल्सर आहे. टेबल तयार करा.’

दादा वाचला. चौथ्या दिवशी पेज प्यायला लागल्यावर मी त्याच्या खाटेशी बसून सगळं कबूल केलं, रडले. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, तांदूळ कुठला होता? म्हटलं, आपल्याच शेतातला, तू आणलेला. तसा पोटाचे टाके धरून हसायला लागला. ‘म्हंजे माजाच तांदूळ माज्या आडवा आला व्हय गं? आन तू रडतीस कशाला, मला हसवू नको, टाकं तुटतील.’ त्याच्या हसण्याने माझ्या मनावरचं अर्धं ओझं उतरलं.

उरलेलं अर्धं उतरवायला मी पुढच्या रविवारी एस.टी.ने खालापूरला गेले. मिस्त्री काका ओटीवर बसून सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावत होते. आत भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो, त्यालाही दसऱ्याचा झेंडू, सुकलेला. मी वाटेत पुष्कळ काय काय बोलायचं ठरवलं होतं, आभार, चूक, देवीची कृपा. त्यांनी मला ओळखलं आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, ‘बाय, पावडर लावतीस ना?’ मग मी सांगितलं, माझ्या भावाच्या पोटात तुमची खोळ गेली. त्यांच्या हातातली ट्यूब खाली पडली. भाऊ वाचला का, हेसुद्धा त्यांनी आधी विचारलं नाही.

‘दिसलं का डॉक्टरला?’

‘दिसलं, काका. सगळं स्वच्छ दिसलं.’

ते उठून आत गेले. बायकोच्या फोटोपुढे उभे राहिले आणि हळू आवाजात तिला म्हणाले, ‘दिसलं गं.’

मी ओटीवरूनच हात जोडले. फोटोपुढे जोडले की देवीपुढे, मला त्या वेळी वेगळं करता आलं नाही, आजही येत नाही. तेव्हापासून मी देवीकडे काही मागत नाही. तिने दिलेलं काम तेवढं धुवूनपुसून ठेवते, ते कुणासाठी आहे हे तिला ठाऊक. निवृत्त होईपर्यंत दर खंडेनवमीला दुर्बीण कपाटातच राहिली. पूजेच्या चादरीवर मी ती खोळ मांडायची, कोरडी, आणि फूल तिच्यावर नाही, शेजारी ठेवायची.