पट्ट्याची पळी

आईला भाजलेलं कळत नाही, हे घरात पहिल्यांदा मला समजलं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. आबा खाचराची बांधबंदिस्ती करायला गेले होते आणि थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणायचे, गुरं घेऊन पठारावर गेला होता. घरात आम्ही दोघीच होतो. आई चुलीपुढं बसून माझ्याशी काहीतरी बोलत होती. बोलता बोलता तिनं निखारे मागं सारले आणि हात तिथंच टेकला. थोड्या वेळानं घरात वास सुटला, बकऱ्याचं मुंडकं भाजताना सुटतो तसा.

"आये, काय जळतंय?" मी विचारलं.

ती चुलीवर बघू लागली, मडक्यात बघू लागली. मग तिनं हात उचलला. करंगळीच्या बुडाला निखारा चिकटला होता. तिनं तो झटकून टाकला आणि त्या बोटाकडं बघत राहिली. तोंडातून हूं की चूं निघालं नाही. तिच्या तोंडावर दुखल्याची खूण नव्हती. भीती होती.

"आबांना सांगू नगं," ती म्हणाली. पण जखम चिघळली आणि आबांना कळलंच.

आमची वाडी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंध्याच्या घाटाकडं तोंड करून होती. चार-सहा घरं, सगळी भावकीची. तिथून भोर म्हणजे दिवसभराची चाल. आबांनी आईला भोरला दवाखान्यात नेलं. परत आले तेव्हा आबा पुढं आणि आई बरीच मागं चालत होती. आबा ओसरीवर टेकले, पाणी प्यायले आणि दादाला म्हणाले, "रक्तपिती हाय. वाडीत इचारलं तर वात म्हणायचं. वातानं बोटं वळल्यात." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुला बी सांगतोय."

डॉक्टरांनी तेलाची इंजेक्शनं सांगितली होती. त्यासाठी आई पुन्हा पुन्हा भोरला चालत गेली. पाऊस लागला, ओढे भरले, वाट तुटली, आणि मग ते राहिलंच.

आईच्या दोन्ही हातांची बोटं हळूहळू आत वळत गेली. पंजा पक्ष्याच्या पायासारखा दिसू लागला. पण ती स्वयंपाक सोडायला तयार नव्हती. मग तिनं एक रीत काढली. मडक्याला, तव्याला, पळीच्या दांड्याला आधी मी हात लावायचा. मी "तापलंय" म्हटलं की ती पदराचा बोळा घेऊन धरायची, "न्हाई" म्हटलं की तशीच धरायची. दिवसभर ती मला हाका मारायची. "ये गं, हात लाव." मला त्याचं काही वाटत नसे. मी आईचा हात आहे, अशी माझी समजूत होती.

एकदा चुलीच्या बाजूच्या वैलावरचं आमटीचं मडकं उतरवायचं होतं. मी काठाला हात लावला, तो निवलेला होता. "न्हाई तापलं," मी म्हणाले. आईनं दोन्ही पंजांनी मडकं उचललं. बोटं मिटत नव्हती, त्यामुळं ते सुटलं. मी खाली हात धरला. मडकं माझ्या तळहातावर फुटलं आणि आतली अजून कढत असलेली आमटी हातभर सांडली.

मी किंचाळत होते आणि आई माझा हात आपल्या हातात धरून फुंकर घालत होती. तिच्याही हातावर तीच आमटी सांडली होती, तिलाही फोड आले. तिला ते संध्याकाळी दिसले.

माझा हात बरा व्हायला फार दिवस लागले. तळहाताची कातडी आवळली आणि दोन बोटं कायमची थोडी ओढली गेली. त्या दिवसापासून आई चुलीपाशी गेली नाही. आबा आणि दादा कसंबसं शिजवायचे. जाड, कच्च्या भाकरी आणि खारट कालवण. आई कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसायची. कुणी ताट पुढं ठेवलं तर म्हणायची, "कुत्र्याला घाला. कामाचं न्हाई त्याला खायाला कशाला?"

आबा फार बोलणारे नव्हते. आईची समजूत घालणं त्यांना जमलं नाही. एके दिवशी ते रानातून एक बेचक्याची फांदी घेऊन आले. ती तासून त्यांनी बेचकं मडक्याच्या गळ्यात बसतं का पाहिलं. दांडा इतका लांब ठेवला की तो दोन्ही कोपरांच्या घडीत दाबून मडकं उचलता यावं. मग ते आईपुढं टाकून म्हणाले, "उठ. पाणी भरून बघ."

"कशाला?"

"मला काय ठावं कशाला. उठ."

आईनं थंड पाण्याचं मडकं उचललं. पहिलं फुटलं. आबांनी दुसरं आणून ठेवलं. आई रडत होती आणि आबा म्हणत होते, "कोपर आत घे. आजून आत."

त्यानंतर ते एकेक वस्तू करत गेले. पळीला सागाचा लांब दांडा बसवला आणि त्याला जुन्या पायताणाच्या कातड्याचा पट्टा ठोकला. पट्ट्यातून पंजा आत सरकवला की पळी हाताला धरून राहायची, बोटं मिटायची गरज नव्हती. उलथन्यालाही तसाच पट्टा केला. पीठ मळायची काथवट हलू नये म्हणून ती जमिनीत मातीनं लिंपून टाकली. जात्याच्या खुंट्याला दोरीचा फास बांधला, त्यात मनगट घालून आई दळायची. चुलीपुढं एक वीतभर उंच मातीचा कठडा घातला. हात आधी त्याला लागायचा, निखाऱ्यापर्यंत जायचा नाही.

भाकरी मात्र आईला थापता येईना. वळलेल्या बोटांनी पीठ फाटायचं. तिनं स्वतःच तोड काढली. नाचणीचं पीठ सैल भिजवायचं, पळसाच्या पानावर ओतायचं, वर दुसरं पान ठेवून लाकडी थापीनं दाबायचं आणि पानासकट तव्यावर टाकायचं. पहिल्या पानग्या झाल्या तेव्हा आबांनी एक खाल्ली, दुसरी घेतली आणि म्हणाले, "पाला जरा हिरवा घे." एवढंच. आई त्या दिवशी आमच्याबरोबर जेवली.

पुढची काही वर्षं बरी गेली असं म्हणायला हवं. आईच्या कानाच्या पाळ्या जाड झाल्या, भुवया गळाल्या, आवाज घोगरा झाला. वाडीतल्या बायका आमच्याकडं यायच्या बंद झाल्या. झऱ्यावर आई कुठं हंडा बुडवते तिकडं त्या बघत राहायच्या, म्हणून पाणी मी आणू लागले. 'वात' हा शब्द कुणी खोडला नाही आणि कुणी खरा मानला नाही. पण घरात चूल पेटत होती आणि ती आई पेटवत होती.

मग दादाच्या लग्नाचं निघालं. राजगडाच्या पायथ्याच्या पालीची मुलगी होती. तिच्याकडची माणसं घर बघायला येणार म्हणताना आईला सकाळीच वरच्या रानातल्या खोपीत पाठवलं. पाहुण्यांना सांगायचं होतं, आई माहेरी गेलीय.

पाहुण्यांत मुलीची आत्या होती. पुरुष ओसरीवर बोलत बसले आणि ती सरळ आत आली. तिनं लिंपलेली काथवट पाहिली, जात्याचा फास पाहिला. खुंटीवरची पळी काढून पट्ट्यात आपला हात घालून पाहिला.

"हे गं काय?"

मला कुणी काही शिकवून ठेवलं नव्हतं. मी म्हणाले, "माजं हाय. माजा हात भाजलाय. बोटं मिटत न्हाईत म्हणून आबांनी केलंय."

"बघू हात."

मी तळहात पुढं केला. ती त्या आवळलेल्या कातडीकडं बघत राहिली. मग तिनं एकाएकी माझ्या बोटाला असा चिमटा काढला की मी "आई गं!" म्हणून ओरडले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्याच्या कपाळावरची आठी गेली. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जगलीस बाई. मला येगळंच वाटलं हुतं."

लग्न ठरलं. संध्याकाळी आई खोपीतून आली तेव्हा आबांनी तिला सगळं सांगितलं. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती माझ्यावर ओरडली.

"असं कशाला बोललीस? आता तुला कोण करून घील? हाताची अधू म्हणून नाव जाईल तुजं साऱ्या मुलखात!"

"मग काय सांगायचं हुतं?" मी विचारलं.

ती पानग्या करायला बसली आणि त्या दिवशी तिनं दोनदा पीठ सांडलं.

लग्नात आई मांडवाच्या बाहेर, लांब, डोक्यावरून पदर ओढून उभी होती. अक्षता तिनं तिथूनच टाकल्या. त्या मांडवापर्यंत पोचल्या नाहीत.

वहिनी माझ्याहून थोडी मोठी होती. भित्री, पण मनानं वाईट नव्हती. ती आल्यापासून आईनं चूल माझ्याकडं दिली आणि आपण तिच्यासमोर कमीच वावरू लागली. असं किती दिवस निभणार? एकदा आई परड्यातून आत आली आणि सारवलेल्या जमिनीवर रक्ताची पावलं उमटली. तळव्यात बाभळीचा अख्खा काटा मोडला होता आणि आई त्यावर पाय देऊन चालत होती. वहिनीनं आधी पावलांकडं पाहिलं, मग आईच्या तोंडाकडं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती झऱ्यावर म्हणून गेली ती पालीच्या वाटेला लागली.

तिचे वडील आणि ती आत्या, दोघं आली. या खेपेला आत्या ओसरीच्याही खालीच उभी राहिली.

"फसवलंत आमाला," वहिनीचे वडील म्हणाले. "पोरगी नांदवायची न्हाई आता."

दादा खाली मान घालून बसला होता. आबा म्हणाले, "चुकलं. पर पोराचा काय दोस?"

तेवढ्यात दाराआडून आईचा घोगरा आवाज आला. "पावनं, पोरीला धाडा. म्या हितं राहत न्हाई. वरच्या खोपीत जाते. तिनं माजं तोंड बघायला नगं."

कुणीच तिला "नको" म्हणालं नाही. आबासुद्धा. मी त्यांच्याकडं बघत होते, पण ते हाताच्या नखांकडं बघत होते.

आई गेली तेव्हा तिच्या वस्तू मी आणि आबांनी वाहून नेल्या. खोपीत आबांनी नवी चूल घातली, तिच्यापुढं कठडा केला, काथवट पुन्हा लिंपली. वहिनी परत आली. भावकीतल्या बायका पुन्हा आमच्याकडं यायला लागल्या.

खोपीत आई चार पावसाळे राहिली. आबा दुपारचं रोज तिच्याकडं जेवायचे. भावकीनं एकदा हटकलं तर ते म्हणाले, "माज्या घरात म्या जेवतो." मी पाणी आणि सरपण नेऊन द्यायचे. पावसात धूर बाहेर निघायचा नाही, भिंतीला ओल यायची, पट्टे भिजून कुजायचे. उंदीर ते कुरतडायचे. उंदीर नुसते पट्टेच कुरतडत नव्हते. एका सकाळी आईनं मला पायाचा अंगठा दाखवला आणि विचारलं, "हे काल हुतं का गं?" आबांनी मग एक मांजर आणून खोपीत सोडलं.

हातांचं पुढं आणखी बिघडत गेलं. आधी नुसती वळलेली बोटं आता झडून आखूड झाली. पट्टे सैल पडू लागले. आबा ते पुन्हा पुन्हा आत ठोकायचे. शेवटी पट्टा मनगटापाशी आला, मग कोपराखाली. तिथून पळीला जोर लागत नव्हता. आई तरी ढवळत राहायची. ती गेली त्या हिवाळ्यात आबाच तिला भरवत होते.

सकाळी मी पाणी घेऊन गेले तेव्हा ती संपलेली होती. चूल थंड होती. भावकीतलं कुणी खांदा द्यायला आलं नाही. असल्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात, असं त्यांनी लांबून सांगितलं. आबांनी आणि दादानं मिळून खड्डा खणला. मग खोप पेटवून द्यावी, आतली एकही वस्तू बाहेर काढू नये, असं ठरलं. आबांनी स्वतःच्या हातानं काडी लावली. पळीच्या दांड्याचा साग चांगला होता, लवकर पेटला नाही.

माझं लग्न उशिरा झालं, उत्रोलीच्या एका बिजवराशी. त्याला मी आधीच सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "मला दोन पोरं हायती, त्यांना भाकर पायजे. बाकीचं राहू द्या." आमचं बरं चाललं. प्रेम म्हणण्याजोगं काही नव्हतं, पण त्यानं कधी आईवरून टोमणा मारला नाही.

आबा गेल्यावर तेराव्याच्या दिवसाला मी वाडीत गेले होते. सगळं आवरल्यावर वहिनी आणि मी परड्यात भांडी घासत होतो. तिचीही दोन मुलं मोठी झाली होती. मग राखेचा हात तसाच थांबवून तिनं विचारलं, "वन्सं, त्यांच्या हातचं कसं लागायचं वो? आबा रोज जायाचे. म्या कदी खाल्लं न्हाई."

मला खोटं बोलावंसं वाटलं नाही.

"पानगी कडंला करपलेली असायची," मी म्हणाले. "आन् मधी कदी कदी कच्ची. पर ऊन ऊन वाढायची."

वहिनीनं मान हलवली आणि तवा पालथा करून घासायला घेतला.